काकांचे २२ मायक्रॉन गेले कुठे?

दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट, ५४१. गेल्या महिन्यातला रिपोर्ट, ५१९. दोन्ही उजव्या डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या जाडीचे, दोन्हीवर शिक्का-सही व्यवस्थित. आणि समोर बसलेले काका मला विचारत होते, "मॅडम, दोन वर्षांत २२ मायक्रॉन झिजला माझा डोळा. आमच्याकडे २२ मायक्रॉनला शाफ्ट रिजेक्ट व्हायचा."

काका भोसरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये ३१ वर्षं काढलेले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग हे एरवी मला प्रत्येक पेशंटला सांगावं लागतं, यांना सांगायची गरजच नव्हती, उलट त्यांनीच मला पुढचा अर्धा तास मोजमाप या विषयावर जे ऐकवलं ते मला कॉलेजात कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कर्वे रोडच्या आसपास एका आय क्लिनिकमध्ये दिवसभर हेच काम करते, आणि हा "आकडा बदलला" वाला प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतोच. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

आधी मोजतो काय ते. डोळ्याच्या काळ्या भागावर पुढून एक पारदर्शक काच असते, घड्याळाच्या डायलवर असते तशी. ती कॉर्निया. नेत्रदानात जो भाग दुसऱ्याला बसवतात तो हाच. मध्यभागी याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सचे पाच कागद एकावर एक ठेवले की होते तेवढी. पुस्तकात सरासरी ५४० च्या आसपास दिलेली असते, आपल्याकडे जरा कमी निघते, नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये हजारो लोकांची पाहणी झाली होती त्यात सरासरी ५१४ आली होती. आणि कडेला गेलं की कॉर्निया जाड होत जातो, सहाशे-सातशेपर्यंत. हे कडेचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ही जाडी मोजायची कशाला? काकांच्या बाबतीत कारण होतं डोळ्याचं प्रेशर. ते २३ आलं होतं आणि डॉक्टरांना काचबिंदूची शंका होती. प्रेशर आपण काही डोळ्यात सुई घालून मोजत नाही, बाहेरून कॉर्निया दाबून मोजतो. लहानपणी सायकलच्या टायरवर अंगठा दाबून हवा बघायचो ना, तसंच. आता टायरच जाड असेल तर हवा कमी असूनही तो कडक लागणार, आणि टायर झिजून पातळ झाला असेल तर हवा भरपूर असूनही मऊ लागणार. गोल्डमन नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९५० च्या दशकात जे यंत्र बनवलं, जे आजही प्रेशरसाठी प्रमाण मानतात, त्याचा हिशोबच कॉर्निया साधारण ५२० मायक्रॉनचा आहे असं धरून केलेला आहे. त्यामुळे कॉर्निया ६०० चा असेल तर प्रेशर उगाच जास्त दिसतं, ४८० चा असेल तर खरं प्रेशर लपून राहतं, आणि दुसरी चूक जास्त वाईट कारण काचबिंदू दुखत नाही, तो गुपचूप नजर खातो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून असंही आलं की ज्यांचं प्रेशर जास्त आहे पण काचबिंदू अजून झालेला नाही, अशा लोकांमध्ये ज्यांचा कॉर्निया ५५५ किंवा त्याहून कमी, त्यांना पुढे काचबिंदू होण्याचा धोका ५८८ च्या वरच्या लोकांपेक्षा तिप्पट. तेव्हापासून जाडी मोजणं हे रुटीनच झालं.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे लॅसिकवाले, लेझरने कॉर्निया घासून चष्म्याचा नंबर घालवणारे. त्यांचं पुढे बोलू.

तर काकांना खुर्चीत बसवलं. आमच्याकडे दोन मशीन आहेत आणि ती कोणत्या क्रमाने वापरायची हेही ठरलेलं असतं, आधी डोळ्याला हात न लावणारं, मग हात लावणारं, कारण एकदा ड्रॉप टाकला, प्रोब टेकवला की वरचा थर थोडा बिघडतो आणि मग फोटोवालं मशीन कुरकुर करतं. पण समजायला हात लावणारं सोपं, म्हणून तेच आधी सांगते.

ते अल्ट्रासाउंडचं. पेनासारखा प्रोब, टोक दोनेक मिलिमीटरचं. डोळ्यात सुन्न करणारा ड्रॉप टाकायचा, समोर बघा म्हणायचं आणि टोक कॉर्नियाच्या मध्यावर सरळ, अगदी काटकोनात, अलगद टेकवायचं. पीं असा आवाज आला की रीडिंग मिळालं. आत काय होतं, तर आवाजाची लहर कॉर्नियात शिरते, मागच्या बाजूला आपटते आणि परत येते, येण्याजाण्याचा वेळ मशीन मोजतं आणि कॉर्नियातला आवाजाचा वेग सेकंदाला १६४० मीटर धरून जाडी काढतं. ५४० मायक्रॉनला हा वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही दोन तृतीयांश. वेळ मोजणं मशीनला अवघड नाही, अवघड आहे ते माझा हात आणि पेशंटचा डोळा. प्रोब जरा तिरका झाला की लहरीला तिरका म्हणजे लांबचा रस्ता पडतो, जाडी वाढून येते. मध्य सोडून बाजूला टेकला तरी वाढून येते, कारण कडेला कॉर्निया मुळातच जाड. जास्त दाबला तर अश्रूंचा थर बाजूला सरकतो आणि वरचा नाजूक थर दबतो, मग कमी येते.

काकांची रीडिंग आली ५३४, ५३८, ५५९, ५३३, ५३६. तिसऱ्या रीडिंगच्या वेळी त्यांच्या खिशात फोन वाजला आणि डोळा नाकाकडे गेला. मी ५५९ खोडलं. लगेच काका, "हे असं मनानं खोडता येतं का हो?" तर येतं, कारण चूक कोणत्या दिशेला होते हे माहीत आहे, तिरकं किंवा बाजूला झालं तर आकडा वरच जातो. म्हणून काही जण सगळ्यांत कमी येणारी रीडिंग धरतात, काही जण वेडंवाकडं आलेलं काढून बाकीच्यांची सरासरी. आमच्याकडे सरासरी. ५३५ झाली.

"म्हणजे ऑपरेटरवर आहे," काका म्हणाले. हो, ऑपरेटरवर आहे. तरीपण वर्षानुवर्षं बाकी सगळी मशीन याच्याशीच ताडून बघतात, कारण हे सगळीकडे आहे, स्वस्त आहे, आणि कॉर्निया धुरकट झाला असेल, सुजला असेल तरी आवाज त्यातून जातो. पण जखम असेल, इन्फेक्शन असेल, डोळे आलेले असतील तर याला हात लावायचा नाही. आणि लहान मुलांना हा पेन दाखवला की झालंच, अख्ख्या वेटिंग रूमला कळतं.

आता उजेडाची मशीन. ही कल्पना जुनीच आहे, १९५१ मध्येच स्लिट लॅम्पला, म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपला, जोडायचं एक साधन आलं होतं, ज्यात कॉर्नियाच्या कापाचं चित्र काचेने दुभंगवून पुढची आणि मागची कड एकमेकांना जुळवायची, मग पट्टीवर आकडा वाचायचा. कड नेमकी कुठे जुळली हे डोळ्यांनी ठरवायचं त्यामुळे दोन डॉक्टर, दोन आकडे. ती गेली, पण डोक्यातली युक्ती तीच राहिली, फक्त जुळवायचं काम कॉम्प्युटरकडे गेलं.

आपल्याकडे जास्त नाव ऐकू येतं ते पेंटाकॅमचं. लोक बोलताना सगळ्याच मशीनला पेंटाकॅम म्हणतात, फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात तसं. याच्यात निळ्या उजेडाची एक पातळ फट डोळ्यावर पडते आणि कॅमेरा गोल फिरत दोन सेकंदात पंचवीस-पन्नास कापांचे फोटो काढतो. साध्या कॅमेऱ्याने तिरक्या काचेचा असा फोटो काढला तर एक टोक स्पष्ट, दुसरं धूसर येईल. ते टाळायची युक्ती शाइम्पफ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याची, त्याने ती १९०४ च्या सुमारास विमानातून, म्हणजे तेव्हाच्या फुग्यांमधून, जमिनीचे नकाशे काढताना तिरकस फोटो सरळ करण्यासाठी वापरली. आकाशातून जमीन मोजायची युक्ती शंभर वर्षांनी काकांच्या डोळ्यावर चालतेय, मला ही गोष्ट सांगायला फार आवडते, पेशंटला नसली आवडत तरी.

पेंटाकॅमचा खरा फायदा एका आकड्याचा नाही, नकाशाचा. अल्ट्रासाउंड सांगतो जिथे टेकवलं तिथली जाडी. हा सांगतो सगळीकडची, त्यात बाहुलीच्या मध्याची वेगळी, शिखराची वेगळी आणि सगळ्यांत पातळ जागेची वेगळी. केराटोकोनस नावाचा आजार असतो, कॉर्निया पातळ होत पुढे शंकूसारखा येतो, डोळे सतत चोळणाऱ्या ऍलर्जीवाल्या मुलांमध्ये आपल्याकडे बराच दिसतो. (आया मला विचारतात चोळून एवढं काय होतं. हे होतं.) त्यात सगळ्यांत पातळ जागा मध्यावर नसते, बहुतेक वेळा खाली आणि कानाच्या बाजूला असते. मी प्रोब मध्यावर टेकवून ४७० सांगेन आणि जरा खाली ४३० असेल. दोन्ही आकडे खरे, प्रश्न वेगळा.

याच घराण्यातलं जुनं मशीन ऑर्बस्कॅन. त्याची रीडिंग अल्ट्रासाउंडपेक्षा जास्त यायची म्हणून सगळ्या आकड्यांना ०.९२ ने गुणायची सोयच त्यात करून ठेवली होती. हे ऐकून काका असे हसले की बाहेरच्या रिसेप्शनिस्टने आत डोकावलं. "म्हणजे गेज चुकतंय तर गेज दुरुस्त नाही करायचं, उत्तराला फॅक्टर लावायचा, आम्ही पण केलंय हे!" गंमत म्हणजे नॉर्मल डोळ्यात तो फॅक्टर बरा चालायचा, पण लॅसिक झालेल्या किंवा धुरकट कॉर्नियात त्याच मशीनचा आकडा उलट कमी यायचा, म्हणजे फॅक्टर लावूनही पंचाईतच.

मग ओसीटी. तत्त्व अल्ट्रासाउंडसारखंच, फक्त आवाजाऐवजी उजेड, आणि उजेडाचा परत यायचा वेळ घड्याळाने मोजता येत नाही इतका कमी असतो म्हणून दोन किरणांच्या एकमेकांवर पडणाऱ्या लहरींवरून अंतर काढतात. बारकावा जबरदस्त, नव्या मशीनमध्ये पाचेक मायक्रॉनपर्यंत, कॉर्नियाचे थर वेगवेगळे दिसतात. वरचा थर पन्नासेक मायक्रॉनचा असतो, तो केराटोकोनसच्या टोकावर पातळ होऊन फुगवटा झाकून टाकतो, रस्त्यावरच्या उंचवट्यावर डांबर कमी टाकल्यासारखं, आणि हे नुसत्या एकूण जाडीत दिसत नाही, ओसीटीच्या थरांच्या नकाशात दिसतं. महाग आहे म्हणून सगळीकडे नाही.

आणि काकांचं ५१९ आलं कुठून? तो रिपोर्ट मी उलटा करून बघितला, खाली बारीक अक्षरात स्पेक्युलर मायक्रोस्कोप. हे मशीन खरं तर कॉर्नियाच्या आतल्या अस्तराच्या पेशी मोजायला असतं, मोतीबिंदूच्या आधी बरेच जण करून घेतात, जाडी त्यात फुकटात मिळते. हात न लावणाऱ्या स्पेक्युलरची जाडी बऱ्याच अभ्यासांत अल्ट्रासाउंडपेक्षा कमी निघालेली आहे, पंधरा-वीस मायक्रॉन, कधी तीसही. म्हणजे त्यांचं ५४१ अल्ट्रासाउंडचं, ५१९ स्पेक्युलरचं, माझं आत्ताचं ५३५ अल्ट्रासाउंडचं, आणि पेंटाकॅमवर ५२९. अल्ट्रासाउंड ते अल्ट्रासाउंड फरक सहा मायक्रॉन. एकाच माणसाने लागोपाठ मोजलं तरी पाच-दहा मायक्रॉन इकडेतिकडे होतंच. झिजलं-बिजलं काही नाही.

इथे काका म्हणाले, "हे तर गेज आर अँड आर झालं." मला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याच पॅडवर समजावलं. एकच माणूस, एकच गेज, एकच पार्ट दहा वेळा मोजला तर किती फरक येतो, हा एक प्रश्न. माणूस बदलला, गेज बदललं तर किती येतो, हा दुसरा. पहिला फरक कमी आला म्हणजे दुसरा कमी असेल असं नाही. सुसंगत चुकणारं मशीन फार विश्वासू वाटतं.

आमच्याकडे याच गोष्टीसाठी ब्लँड आणि ऑल्टमन या दोघांची पद्धत वापरतात, १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेली. त्याआधी लोक काय करायचे, दोन मशीनवर शंभर डोळे मोजायचे, को-रिलेशन, म्हणजे दोन्हींचे आकडे किती बरोबरीने वरखाली होतात ते, काढायचं, ०.९५ आलं की दोन्ही मशीन सारखी म्हणून मोकळे. पण लक्ष्मी रोडवर एका सराफाचा काटा प्रत्येक वेळी एक ग्रॅम जास्त दाखवत असेल तरी दुसऱ्या सराफाच्या काट्याशी त्याचं को-रिलेशन अगदी शंभर टक्के येईल! तुम्ही मात्र दर वेळी एक ग्रॅमचे पैसे जास्त देणार. म्हणून या दोघांनी सांगितलं, प्रत्येक डोळ्याचा दोन मशीनमधला फरक काढा, त्या फरकांची सरासरी काढा आणि मग बघा की शंभरातल्या पंच्याण्णव डोळ्यांचा फरक कुठून कुठपर्यंत पसरलाय. समजा सरासरी फरक १० आला आणि पसारा उणे ६ ते अधिक २६. मग १० वजा करून भागत नाही, कारण तुमचा डोळा त्या पसाऱ्यात कुठे बसतो हे कुणालाच ठाऊक नसतं. "सरासरी फरकाला शिम लावता येते, पसाऱ्याला नाही," इति काका. (शिम म्हणजे फट भरायला घालतात ती पातळ पट्टी.)

म्हणून सगळे तज्ज्ञ सांगतात की मशीन अदलाबदल करू नका, वर्षानुवर्षं बघायचं असेल तर एकाच मशीनवर बघा. आणि त्या पसाऱ्याला किती घाबरायचं हे काम काय आहे त्यावर ठरतं. काकांच्या प्रेशरसाठी ५३५ काय नि ५२९ काय, डॉक्टर फक्त पातळ, मधला, जाड एवढंच बघतात. पूर्वी कोष्टकं होती, १० मायक्रॉनला इतकं प्रेशर वजा किंवा अधिक करा, पण प्रत्येक कोष्टक वेगळं सांगायचं आणि आता एका माणसाच्या प्रेशरला अशी दुरुस्ती लावणं कुणी फारसं करत नाही.

लॅसिकला मात्र तेच वीस मायक्रॉन जड जातात. समजा चष्मा उणे ७ चा. साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात एका नंबरला साधारण १४ मायक्रॉन घासावे लागतात, म्हणजे ९८. घासण्याआधी कापून उचलतात ती वरची चकती, फ्लॅप, ११० ची. कॉर्निया ५०० असेल तर खाली उरले २९२. ४८० असेल तर २७२. खाली किमान २५० राहिलेच पाहिजेत हा जुना नियम, आता बरेच सर्जन २८०-३०० च्या खाली जायला नाखूष असतात, कारण कमी उरलं तर कॉर्निया पुढे फुगू शकतो. म्हणजे मशीन बदललं तर उत्तर हो चं नाही होऊ शकतं. केराटोकोनसला क्रॉसलिंकिंग करतात, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट उजेडाने कॉर्निया घट्ट करतात, त्यातही तसंच, मूळ पद्धतीत वरचा थर काढल्यावर ४०० मायक्रॉन लागतात, नाहीतर अल्ट्राव्हायोलेट किरणं आतल्या अस्तरापर्यंत पोचतात. आणि लॅसिक करून घेतलेल्यांनी आधीची जाडी लिहिलेला कागद फेकू नका प्लीज, पुढे चाळिशी-पन्नाशीत प्रेशर तपासताना तुमचा पातळ झालेला कॉर्निया प्रेशर कमी दाखवणार आहे आणि समोरच्याला ते कळायला तोच कागद लागतो.

अजून एक, मशीनचा दोष नसलेला फरक. डोळा रात्रभर मिटलेला असला की कॉर्नियाला ऑक्सिजन कमी मिळतो आणि तो सुजतो, तीन-चार टक्के. ५३५ चे तीन-चार टक्के म्हणजे सोळा ते एकवीस मायक्रॉन, आणि उठल्यावर तास-दोन तासात उतरतात. काकांचे हरवलेले २२ आणि हे जवळजवळ सारखेच की! सुन्न करायच्या ड्रॉपनेही काही मिनिटं थोडी जाडी वाढू शकते. कॉन्टॅक्ट लेन्सनेही. शिकत होते तेव्हा एका मुलीची लॅसिकसाठी जाडी मी ५१८ लिहिली, अगदी सुंदर रीडिंग, पाचही जवळजवळ. सरांनी कागद बघितला आणि विचारलं, लेन्स कधी काढली तिने? मी विचारलंच नव्हतं. तिने पार्किंगमध्ये काढली होती. दोन आठवडे लेन्स बंद करून परत बोलावली तेव्हा ४९९. पाच रीडिंग एकसारखी आली होती म्हणून मला शंकाच आली नव्हती.

काकांना सगळं पटलं असं मला वाटलं. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, पट्टी नसल्यामुळे माझ्या व्हिजिटिंग कार्डाच्या कडेने रेघा मारल्या, तारीख, वेळ, मशीन, रीडिंग, मोजणारा. शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. जुने दोन रिपोर्ट पण त्यात उतरवले, ५१९ समोर स्पेक्युलर लिहून खाली दोनदा अधोरेखित केलं. मग उठता उठता म्हणाले, "आणि याचं कॅलिब्रेशन कधी झालंय?"

मी मशीन वळवलं. मागचं स्टिकर सॅनिटायझरच्या डागाने अर्धं पुसलेलं, तारीख कशीबशी वाचता येत होती. पुढच्या महिन्यात ड्यू. काकांनी तीही लिहून घेतली.